शेजारच्या बाकावरच्याला ऐकायला शिकवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनिअर कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर बसते, १८ वर्षं झाली. पुस्तकं द्यायची, जमा करून घ्यायची, मागच्या स्लिपवर तारखेचा शिक्का मारायचा, सकाळी ८ ला अभ्यासिका उघडायची आणि संध्याकाळी ७ ला कुलूप लावायचं एवढं माझं काम. मी प्राध्यापक नाही, मानसशास्त्र शिकलेली नाही. पण अभ्यासिकेत कोण खरंच वाचतंय आणि कोण एकच पान उघडून दोन तास बसलंय हे काउंटरवरून स्पष्ट दिसतं, आणि अशी पान न उलटणारी पोरं गेल्या काही वर्षांत वाढलीत असं मला वाटतंय म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर करा पण खाली १४४१६ नंबर दिलाय ती ओळ तेवढी काढू नका.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत आणि त्या मुलाला हे पत्र आधी वाचून दाखवलंय, तो हो म्हणाला मगच पाठवतेय.

एसवाय बीएस्सीचा मुलगा, गावावरून एसटीनं ये-जा करणारा. केमिस्ट्रीचं एकच पुस्तक त्यानं चार वेळा रिन्यू केलं, स्लिपवर एकाखाली एक माझे चार शिक्के. मला वाटलं पोरगं भारी अभ्यास करतंय. पाचव्यांदा आला तेव्हा मी सहज पुस्तक उघडलं तर पहिल्या आठवड्यात खूण म्हणून ठेवलेलं एसटीचं तिकीट तिथल्या तिथंच होतं, पान ३४ ला. दोन महिन्यांत एक पान पुढं गेलं नव्हतं. मी ते बघितलं, त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि शिक्का मारून पुस्तक परत दिलं. काय बोलावं ते मला कळलंच नाही, मागं दहा मुलं लायनीत उभी होती. हे मला अजून लागतं.

त्याच्याशी बोललं ते त्याच्याच वर्गातलं एनएसएसमधलं एक पोरगं. आधी म्हणलं चल चहाला, हा नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत नको. तिसऱ्या दिवशी ते पोरगं म्हणलं, बरं मग मी पण नाही जात, आणि शेजारच्या बाकावर वही उघडून बसलं. तासभर दोघं गप्प. मी काउंटरवरून बघत होते. संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत दोघं चालत गेले आणि वाटेत सगळं बाहेर आलं. दोन विषय राहिले होते, घरी सांगितलेलं सगळे सुटले म्हणून. वडिलांनी फी आणि मोबाईलसाठी म्हैस विकलेली. आणि त्याच्या डोक्यात असं घट्ट बसलेलं की विषय गेले म्हणजे वर्ष गेलं, वर्ष गेलं म्हणजे म्हैस फुकट गेली, आणि घराला हे दिवस दाखवले ते मीच.

आता इथं त्या मित्रानं काय केलं ते महत्त्वाचं आहे. त्यानं "टेन्शन नको घेऊ रे" म्हणलं नाही. "वडिलांचा विचार कर" असंही नाही. त्यानं सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का तुझ्या?" आपल्याकडं मोठ्या माणसांना पण हा प्रश्न तोंडातून काढायची भीती वाटते, वाटतं की विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल. तसं होत नाही, हे यातले तज्ज्ञ कधीपासून सांगतायत, उलट विचारलं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. हा म्हणाला, हो, येतं कधीकधी. मग मित्रानं त्याला एकटं सोडलं नाही, त्या रात्री त्याच्याच घरी मुक्कामाला गेला, दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून १४४१६ ला फोन लावला आणि आठवड्याच्या आत आमचे एक सर आणि तो मित्र त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाऊन आले.

१४४१६ म्हणजे टेली मानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. माझ्या काउंटरवर आता हा नंबर स्केच पेननं लिहून चिकटवलाय. आधी तिथं "शांतता राखा" होतं.

वडील नंतर कॉलेजात आले. गाडीवरून, डोक्याला टॉवेल, हातात डबा. मुलाला काही बोलले नाहीत. काउंटरला येऊन मला विचारलं, "मॅडम, केटी म्हंजे वरीस वाया जातं का?" मी म्हणलं नाही हो, पुढच्या वर्गात बसता येतं, राहिलेला विषय नंतर सुटतो. ते म्हणाले, "मग एवढ्यासाठी व्हय?" आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. एटीकेटी म्हणजे काय हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं आणि मुलाला माहीत असून सांगायची हिंमत नव्हती, एवढंसं अंतर, आणि त्यात एक जीव जाता जाता राहिला.

आता आकडे बघा, कारण एकाच मुलाची गोष्ट म्हणून कोणी सोडून देऊ नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२३ मध्ये देशात १३,८९२ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, २,०४६. आदल्या वर्षी आपल्याकडचा आकडा १,७६४ होता, तेव्हाही पहिला नंबर आपलाच. बोर्डाच्या निकालात अमुक विभाग पहिला आला की आपण फोटो छापतो, या पहिल्या नंबरावर गावच्या पारावर तरी कोणी बोलताना मी ऐकलं नाही.

सुप्रीम कोर्टानं २५ जुलै २०२५ ला या विषयावर निकाल दिला आणि १५ सूचना दिल्या, कायदा होईपर्यंत त्या पाळायच्या आहेत. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. टेली मानसचा नंबर हॉस्टेल, वर्ग, सगळीकडे मोठ्या अक्षरात लावायचा. आणि अजून एक सूचना आहे जी कोणी वाचत नाही, की शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या सगळ्या स्टाफला वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. न शिकवणाऱ्या म्हणजे माझ्यासारख्या काउंटरवाल्या, शिपाई, हॉस्टेलच्या रेक्टर, ऑफिसातले क्लार्क ज्यांच्या खिडकीवर मुलगा फीची मुदत वाढवून मागायला येतो. त्याआधी मार्च २०२५ मध्ये याच कोर्टानं निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल पण नेमलंय. म्हणजे वरून हलायला सुरुवात झालीय, चांगलंच आहे.

पण माझं म्हणणं असं की काउन्सेलर नेमला तरी पोरगं त्याच्या दारापर्यंत स्वतःहून जात नाही. काउन्सेलरच्या खोलीबाहेर बसलं की "ह्याचं डोकं फिरलंय" असं संध्याकाळपर्यंत गावात. आणि गाव लहान, बाहेर खुर्चीवर बसलेलं कोण हे येणाजाणाऱ्याला दिसतं. भारतात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ पण पुरत नाही, पाऊणच्या आसपास येतो, आणि त्यातले पण बरेचसे शहरात. मग मुलगा पहिल्यांदा कुणाला सांगतो? रूममेटला, एसटीतल्या शेजारच्याला, मेसमध्ये समोर बसणाऱ्याला, नाहीतर रात्री दोन वाजता स्टेटस टाकून कुणालाच नाही. त्या पहिल्या माणसाला जर काय करायचं हे माहीत नसेल तर पुढची सगळी व्यवस्था कागदावरच राहते. म्हणून त्या पहिल्या माणसाला शिकवा.

आमच्या त्या एनएसएसच्या पोरानं हे आईच्या पोटातून शिकून आणलं नव्हतं. त्याआधी सहा महिने कॉलेजात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, तीसेक मुलं आणि मी. मी खरंतर खोलीची किल्ली माझ्याकडे म्हणून बसले होते. शिकवायला आलेल्या ताईंनी पहिल्यांदा खुर्च्या समोरासमोर लावायला सांगितल्या, एकानं तीन मिनिटं बोलायचं आणि दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, मान हलवायची फक्त. तीन मिनिटं! अर्ध्या मिनिटात मला समोरच्या मुलीला सल्ला द्यावासा वाटायला लागला, जीभ वळवळायला लागली. तेव्हा कळलं की १८ वर्षांत मी कुणाचं नीट ऐकलंच नव्हतं. मग त्यांनी फळ्यावर मुलांकडूनच वाक्यं लिहून घेतली, आपण दुःखात असताना लोक बोलतात आणि आपल्याला अजून वाईट वाटतं ती. "होईल सगळं नीट." "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली पोरं बघ." "माझ्या वेळी तर..." "एवढं काय त्यात." "मोबाईल कमी कर आधी." फळा भरला. आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी माझ्या स्वतःच्या मुलाला बोललेलं होतं.

आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट तशी नवी नाही हे मला तिथंच समजलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, स्वतः डॉक्टर, व्यसनमुक्तीसाठी परिवर्तन संस्था त्यांनी उभी केली आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातून कॉलेजच्या मुलांसाठी विवेकवाहिनीची, म्हणजे मुलांनी एकत्र बसून विचार करायच्या गटांची कल्पना पण तिथूनच आली. पुढं त्याच मंडळींनी मानसमित्र तयार करायला घेतले, म्हणजे साधी माणसं, मन दुखावलेल्या माणसाशी पहिलं बोलणं कसं करायचं आणि पुढं डॉक्टरकडे कसं न्यायचं एवढं शिकलेली. तिकडं गोव्यात संगाथ संस्थेनं तर वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलंय की डॉक्टर नसलेली पण नीट शिकवलेली साधी माणसं नैराश्यातल्या माणसाला खरोखर उपयोगी पडतात. म्हणजे हे हौशी लोकांचं खूळ नाहीये.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर पत्र अर्धवट होईल. एका कॉलेजात, नाव घेत नाही, घाईघाईनं मुलांचं ऐकायला मुलांचीच समिती केली. मुलांचे फोटो बोर्डावर लावले, व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, रोज सकाळी सुविचार. कुणाला कसलंही ट्रेनिंग नाही. एका मुलीनं समितीतल्या मैत्रिणीला घरातली एक गोष्ट सांगितली, मैत्रिणीनं चांगल्या मनानं "हिला मदत करायला पाहिजे" म्हणून ग्रुपवर टाकली, नाव न घेता, पण वर्णनावरून सगळ्यांना कळलं. ती मुलगी परत कॉलेजला आली नाही, परीक्षेला फक्त आली. तिच्या एका नातेवाईकानं मला हे सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. म्हणून प्रशिक्षण घेतलेल्या मुलांचा आमचा जो ऐकणाऱ्यांचा गट आहे त्यात पहिला नियम हाच केलाय की ऐकलेलं बाहेर जाणार नाही, ग्रुपवर नाही, सरांना नाही, प्राचार्यांना पण नाही. अपवाद एकच, जिवाला धोका वाटला तर, आणि तो अपवाद बोलायला बसायच्या आधीच समोरच्याला सांगायचा. प्राचार्य म्हणाले महिन्याला यादी द्या किती मुलं कुठल्या कारणानं आली. आम्ही म्हणलं आकडा देऊ, नावं नाही, कारणं पण नाही. जरा तणातणी झाली पण त्यांनी ऐकलं, त्यांचं कौतुक वाटतं मला. ज्या दिवशी हा गट ऑफिसला खबर देणारा झाला त्या दिवशी तिथं कोणी बोलणार नाही.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येते. मला सुरुवातीला वाटायचं की मानसिक आरोग्य म्हणजे धीर देणं, आणि स्वतंत्र विचार वगैरे म्हणजे वक्तृत्व स्पर्धेतले विषय. पण या मुलांबरोबर बसून असं दिसलं की बऱ्याच जणांचं दुखणं हेच आहे की डोक्यातला आवाज त्यांचा स्वतःचा नसतो. काकांचा असतो, क्लासवाल्याचा असतो, रीलमधल्या कुणाचा असतो, आणि पोरगं समजतं की मीच विचार करतोय. प्रशिक्षणात आल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत थोडी सांगितली होती, १९५५ च्या सुमाराची, मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ती बऱ्याच जणांना माहीत आहे, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी खूप पोचवली. घटना एक, त्यावरचा आपला विचार दुसरा, आणि त्रास होतो तो बराचसा विचारानं. मुलांनीच उदाहरण काढलं. मैत्रिणीनं मेसेज बघितला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. ही घटना. "मी तिला नकोशी झाले" हा विचार. आणि रात्रभर झोप नाही. मग एकीनं उठून सांगितलं की मी उत्तर देत नाही तेव्हा बहुतेक वेळा मी गोठ्यात असते. सगळा वर्ग हसला, पण दुसऱ्या दिवसापासून गोठा हा आमच्यात शब्दच झाला. कुणी फार मनाला लावून घ्यायला लागलं की दुसरं म्हणतं, अगं गोठ्यात असेल.

पण यात एक मोठा धोका आहे आणि तो मी अनुभवलाय. एक मुलगा म्हणाला मेसचे पैसे भरायला नाहीत, दोन दिवस एकवेळच जेवतोय, आणि नवीनच शिकलेला आमचा एक कार्यकर्ता त्याला विचार कसा बदलायचा ते सांगायला लागला. मी मध्ये पडले. भूक हा विचार नाहीये. जातीवरून हॉस्टेलवर कुणी टोमणे मारतं, घरी लग्नाची तारीख धरलीय, मागं लागणारा मुलगा रोज स्टँडवर उभा राहतो, हे विचार नाहीयेत, या घटना आहेत आणि त्या बदलायच्या असतात. त्या मुलाला आम्ही कमवा आणि शिका योजनेत घातलं, आता तो दुपारी माझ्याकडेच पुस्तकांना नंबर टाकतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले गावात रयतची सुरुवात केली, आणि साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. अण्णांना, म्हणजे भाऊरावांना, मानसिक आरोग्य हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं पण एका ताटात जेवणाऱ्या पोरांचं मन कसं उभं राहतं हे त्यांना बरोबर माहीत होतं.

आणि स्वतंत्र विचाराचं म्हणाल तर आगरकर आमचेच, कराडजवळच्या टेंभूचे. गरिबी एवढी की एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा असं सांगतात. एमएला असताना त्यांनी आईला पत्र लिहिलं, की मुलगा मोठ्या परीक्षा पास होतोय म्हणून तो आता खूप पैसे मिळवेल अशी आशा धरू नकोस, पोटापुरत्यात समाधान मानून मी लोकांच्या कामात आयुष्य घालवणार. विचार करा, १८८० च्या आसपास, कर्जातलं घर, आणि एक विशी ओलांडलेला मुलगा आईला हे लिहितोय. आमच्या एका बैठकीत मी हे मुलांना सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "मॅडम, त्यांना हे बोलायला बळ कुठून आलं?" मला उत्तर सुचलं नाही, दुसऱ्याच मुलीनं दिलं, की मित्र होता ना. टिळक. डेक्कन कॉलेजात दोघं फिरायला जाऊन शाळा काढायच्या गप्पा मारायचे, १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल चालू झाली, १८८२ मध्ये दोघं १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात एकत्र होते आणि तिथं पण वाद घालायचे. पुढं मतं पटली नाहीत तेव्हा दोघं वेगळे झाले, कडू झालं, ते पण खरं. पण दोघांपैकी कुणी दुसऱ्याची सावली झाला नाही. मित्र म्हणजे सतत मान डोलावणारा असंच पोरांना वाटतं हल्ली, त्यांच्या पुढं हे उदाहरण असलं पाहिजे.

कारण मित्रांचं दडपण आईबापांच्या दडपणापेक्षा कमी नसतं. आमच्याकडे टीवाय झालं की निम्मा वर्ग पुण्याला जातो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची, अभ्यासिका लावायची आणि एमपीएससी. ज्याला मनापासून करायचीय त्यानं जरूर करावी, मी माझ्या काउंटरवरून पुस्तकं नेणारी पोरं अधिकारी झालेली बघितलीत आणि अभिमान वाटतो. पण भूगोलाच्या एका मुलीला जायचंच नव्हतं. तिला नकाशांचं वेड, एमए करून जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं, काही शिकायचं होतं. सगळ्या मैत्रिणी म्हणाल्या चल गं, एकटी काय करशील इथं. घरी पण हो म्हणाले कारण सगळ्या चालल्यात. ती आमच्या बुधवारच्या बैठकीत आली ती रडतच. तिथं कुणी तिला "जा" म्हणलं नाही आणि "जाऊ नको" पण म्हणलं नाही. एका मुलानं तिला कोरा कागद दिला आणि सांगितलं, एमपीएससी करायची जी जी कारणं डोक्यात आहेत ती लिही आणि प्रत्येकासमोर ते वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलंस ते लिही. नऊ कारणं निघाली. नऊच्या नऊ समोर दुसऱ्याचं नाव. ती कागदाकडे बघत बसली, मग म्हणाली, "यात मी कुठंच नाहीये." तिनं पुढं काय ठरवलं ते मी इथं लिहीत नाही, तिचा तो प्रश्न आहे, आणि लिहिलं तर वाचणाऱ्यांना वाटेल की बैठकीनं तिला अमुक करायला लावलं. आमच्या पोरांना मी हेच परत परत सांगते की काकांच्या जागी आपण बसायचं नाही. आधार द्यायचा म्हणजे त्याचा निर्णय त्याच्या हातात राहील एवढी त्याची ताकद परत येईपर्यंत शेजारी बसायचं.

ऐकणाऱ्या मुलांचं पण बघायला लागतं, हे आम्हाला उशिरा कळलं. तो एनएसएसचा पोरगा, ज्यानं मित्राला वाचवलं, तो पुढचा महिनाभर नीट झोपला नव्हता. रात्री फोन वाजला की दचकायचा, फोन सायलेंटला टाकायची भीती वाटायची. १९ वर्षांचं पोरगं, त्याच्या मनावर केवढं ओझं. आम्ही सगळे त्याला शाबासकी देत होतो आणि कसा आहेस हे कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या आईनं येऊन सांगितलं तेव्हा कळलं. आता नियम आहे की जिवाचा विषय निघाला तर ऐकणारं मूल एकटं राहणार नाही, त्याच दिवशी सर किंवा मी आणि फोनवर काउन्सेलर, आणि महिन्यातून एकदा ऐकणाऱ्यांची वेगळी बैठक. आमच्याकडे काउन्सेलर पूर्णवेळ नाही, साताऱ्यावरून पंधरा दिवसातून एकदा येतात. पोरांना डॉक्टर बनवायचं नाहीये, आणि पोरं स्वस्तात मिळतात म्हणून काउन्सेलरची नेमणूक टाळायची असं तर अजिबात नाही. मला भीती आहे की संस्थाचालक तसं करतील.

कायद्याची पण भीती मुलांच्या मनात खूप असते, कुणाला सांगितलं तर पोलीस केस होईल, नोकरीला अडचण येईल. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं स्पष्ट आहे. हे वर्गावर्गात सांगायला काय खर्च येतो?

खर्चाचं निघालंच म्हणून सांगते. एनएसएसच्या मुलांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं, वर सात दिवसांचा कॅम्प. रस्ते झाडायचे, झाडं लावायची, सगळं चांगलंच आहे. त्यातले वीस तास या शिक्षणाला धरा. विद्यापीठानं एक परिपत्रक काढलं तर पुढच्या जूनपासून प्रत्येक कॉलेजात वीस-पंचवीस मुलं ऐकायला शिकलेली तयार होतील. लागतं काय, तर एक खोली जिच्या दारावर पाटी नाही, पंधरावीस खुर्च्या, आणि महिन्यातून दोनदा येणारा एक जाणता माणूस. आणि खोली ऑफिसच्या शेजारी नको, हे अनुभवानं सांगते.

शेवटी आपल्या पेपराविषयी, राग मानू नका. "नापास झाल्यानं", "प्रेमभंगातून", "मोबाईल न दिल्यानं" असं हेडिंगमध्ये कारण छापू नका. एवढ्या एका कारणानं कुणी जीव देत नाही, आत बऱ्याच दिवसांचं साठलेलं असतं, पण ते हेडिंग वाचून नापास झालेल्या दुसऱ्या मुलाला वाटतं की नापास झालं की हाच रस्ता. कसं केलं त्याचं वर्णन नको, फोटो नको. प्रेस कौन्सिलनं सप्टेंबर २०१९ मध्येच याची मार्गदर्शक तत्त्वं दिलीत. आणि बातमीखाली चौकटीत टेली मानसचा नंबर प्रत्येक वेळी छापा. माझ्या काउंटरवर आपला पेपर रोज येतो, दहा वाजेपर्यंत त्याची पानं सुटी होतात, एवढी मुलं तो हाताळतात.

आमची बैठक दर बुधवारी ४ वाजता लायब्ररीच्या मागच्या खोलीत असते, जिथं जुनी मासिकं बांधून ठेवलेली असतात. दुसऱ्या कॉलेजातल्या कुणाला येऊन बघायचं असेल तर आपल्या कार्यालयात पत्ता देऊन ठेवलाय. फक्त येताना एकदोन जणच या, आणि आत आल्यावर मुलांना काही विचारू नका, नुसतं बसा.

आपली,
एक सहायक ग्रंथपाल, सातारा जिल्हा
(मुलांची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये ही विनंती)